किम वेक्सलर: न बोलता केलेलं काम

'बेटर कॉल सॉल' या अमेरिकन मालिकेत किम वेक्सलर ही वकील रे सीहॉर्नने साकारलीय. पहिल्या सीझनमध्ये किम नुसती उभी असते, अभिनय कुठे आहे, असं कुणी म्हणेल. तिथेच तर आहे! (Rhea हे नाव 'रिया' नाही, 'रे' असं उच्चारतात.)

मालिकेचा नायक, थापाड्या वकील जिमी बोलत असतो तेव्हा त्याला सोडून किमकडे बघा. थाप ऐकताना मान हलत नाही, फक्त उत्तर अर्ध्या क्षणाने उशिरा येतं. 'व्हिटनी'सारख्या सिटकॉममध्ये सीहॉर्नने विनोदाचं टायमिंग घोटवलेलं, तेच इथे उलटं वापरलंय.

आणि सहाव्या सीझनचा बारावा भाग. आपण काय केलं याची कबुली देणारं प्रतिज्ञापत्र देऊन झाल्यावर विमानतळाच्या बसमध्ये किम बसलेली. आधी रडू दाबायचा प्रयत्न, मग श्वास अडकतो, मग बांध फुटतो. शेजारची अनोळखी बाई धीराचा हात ठेवते, बस्स. थेट रडायला लागली असती तर दृश्य पडलं असतं. सहा सीझन दाबून धरलेलं सगळं तिथे बाहेर येतं.

त्याच सीझनचा चौथा भाग सीहॉर्ननेच दिग्दर्शित केलाय. एमी या टीव्ही पुरस्काराचं पहिलं नामांकन मात्र थेट २०२२ मध्ये, मालिका संपताना. उशीरच म्हणायचा.

तिची 'प्लुरिबस' (२०२५) ही मालिका यानंतरच बघा.