मदत हवी आहे : २००९ पासून बेपत्ता असलेली मावशी

मंडळी, माझी मावशी २००९ च्या वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला गेली, ती घरी परतलीच नाही. तेव्हा वय ३४. उजव्या हातावर तुळशीचं गोंदण, डाव्या भुवईत जुनी खोक. बोलणं पक्कं अहिराणी, घाबरली की मराठीसुद्धा सुचायचं नाही तिला. हरवल्याची तक्रार लगेच दिली होती. आता पोलीस ठाण्यात जुने कागद सापडत नाहीत म्हणतात.

अमळनेरहून सुरतेला थेट गाडी आहे आणि उधना, लिंबायतला आपली माणसं भरपूर. तिकडच्या एखाद्या आश्रमात, दवाखान्यात अशी अहिराणी बोलणारी बाई कुणी पाहिली आहे का?

दुसरं म्हणजे, ७ वर्षं ठावठिकाणा नसला की कोर्टाकडून मृत ठरवून घेता येतं, म्हणून नातेवाईक सातबाऱ्यावरचं तिचं नाव काढायला टपलेत. आजी सही करायला तयार नाही, आणि मी तिच्या बाजूने आहे. आधी आजीचा डीएनए बेवारस मृतदेहांच्या नोंदींशी ताडून बघायचाय. अर्ज कुणाकडे करायचा? जळगाव-धुळ्यात कुणी इतकी जुनी फाईल पुन्हा उघडायला लावली असेल, किंवा त्यासाठी औरंगाबाद खंडपीठात गेलं असेल, तर कृपया मेसेज करा. फोटो पाठवते.