‘निष्कपट विश्वास’, ‘धीर’, ‘कसोटी’ : दुःखातल्या माणसाशी बोलताना कोणता शब्द वापरावा?

प्रश्न : प्रार्थनासभेत थोडं बोलायचं आहे. समोर बरेचसे दीर्घ आजारातले लोक आणि त्यांची शुश्रूषा करणारे असतील. विषय आहे संकटातही टिकणारा खरा विश्वास. ‘श्रद्धा’ म्हणू की ‘विश्वास’? बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पौलाच्या दुसऱ्या पत्रात (१:५) ‘निष्कपट विश्वास’ आहे, तो कानाला खटकतो. विश्वासात कपट कुठून आलं? आणि ‘सहनशीलता’ व ‘धीर’ एकच धरावेत का?

प्रतिसाद : पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ख्रिस्ती मराठीत ‘विश्वास’ रुळलेला आहे, तोच घ्या. श्रद्धा असते किंवा बसते. विश्वास मात्र ठेवावा लागतो, आणि तोही कुणावर तरी. दुःखात हा ‘कुणावर’ महत्त्वाचा.

प्रतिसाद : ‘निष्कपट’बद्दल. मूळ ग्रीक शब्द ‘अनुपोक्रितोस’. ‘हुपोक्रितेस’ म्हणजे रंगमंचावरचा नट, त्याला नकार जोडला आहे. म्हणजे सोंग न घेणारा, वरवरचा नसलेला विश्वास. कपट म्हटलं की आपल्याला फसवणूक आठवते, म्हणून खटकतं. बोलताना ‘सोंग नसलेला’ म्हणा, लगेच पोचेल. पौल पुढे तीमथ्याची आजी लोइस आणि आई युनीके यांची नावं घेतो. घरातली माणसं ओळखतात सोंग, त्यामुळे साक्षीदार बरे निवडलेत!

प्रश्नकर्ता : पण मग जो देवाशी भांडतो, ‘मलाच का’ विचारतो, त्याचा विश्वास निष्कपट म्हणायचा की डळमळीत?

प्रतिसाद : बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचा, सज्जन माणसावर कोसळलेल्या संकटांची ती गोष्ट आहे, आणि पहिल्या दोन अध्यायांवर थांबू नका. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे वाक्य अंत्यविधीला हमखास ऐकू येतं. ते पहिल्या अध्यायातलं. तिसऱ्या अध्यायात हाच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि तिथून एकतिसाव्यापर्यंत मित्रांशी वाद घालत, देवाकडे दाद मागत राहतो. मित्र देवाची बाजू घेऊन बोलतात, अगदी धर्मशास्त्राला धरून. शेवटी (४२:७) देव रागावतो तो मित्रांवर : माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही बोलला नाहीत. एवढी तक्रार करूनही याकोबाच्या पत्रात (५:११) ईयोबाचं नाव येतं ते धीराचं उदाहरण म्हणून. म्हणजे बायबलच्या हिशेबात तक्रार आणि विश्वास एका माणसात नांदतात. तक्रार देवाकडेच चालली आहे ना, एवढंच बघायचं. स्तोत्र ८८ पाहा. सुरुवातीला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक आहे आणि हिब्रूतला शेवटचा शब्द ‘अंधार’. मध्ये कुठेही दिलासा नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत ठेवलं गेलं.

प्रतिसाद : सहमत, पण ‘धीर’ हा शब्द जरा जपून. मराठीत त्याच्या पोटात दोन गोष्टी आहेत. ‘धीर धरा, मी आहे, भिऊ नका’ (मत्तय १४:२७) इथे ग्रीक ‘थार्सेइते’ आहे, म्हणजे हिंमत बांधा. रोमकरांस पत्रात (५:३-४) संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा अशी साखळी येते, तिथे ‘हुपोमोने’ आहे : शब्दशः, खाली राहणे. ओझ्याखालून निसटून न जाणं. पहिला धीर दुसऱ्याने द्यायचा असतो, दुसरा ज्याचा त्याने धरायचा. आजाऱ्याला ‘धीर धरा’ सांगून आपण निघून आलो, तर आपला वाटाही त्याच्याच गळ्यात घातला असं होतं. ‘सहनशीलता’ तर मी घेणारच नाही. तिला मुकाट्याने सोसण्याचा वास येतो.

प्रतिसाद : मग ‘चिकाटी’ का नको? पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, संपूर्ण बायबल छापून झालं ते १९२४ मध्ये. याला नुसता ‘धीर’ अपुरा वाटतो.

प्रतिसाद : त्यांच्या बाबतीत चिकाटी शोभते. पण ज्याला कुशीवरही वळता येत नाही त्याला ‘चिकाटी’ म्हटलं, तर आणखी एक काम अंगावर टाकल्यासारखं होईल. त्याच्यासाठी निर्गम १७:१२ बघा. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात भरून येतात, अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात आणि सूर्यास्तापर्यंत हात स्थिर राहतात. तिथल्या स्थिरपणाला हिब्रूत ‘एमुना’ म्हटलं आहे. हबक्कूक २:४ मध्ये नीतिमान ज्याच्या बळावर जगतो तो विश्वासही ‘एमुना’च, आणि ‘आमेन’ त्याच धातूतला. दुसऱ्यांनी धरून ठेवलेल्या हातांनाही तोच शब्द लागला, हे शुश्रूषा करणाऱ्यांना जरूर सांगा.

प्रतिसाद : ‘देव तुमची कसोटी पाहतोय’ हे मात्र टाळा. कसोटी म्हणजे सोनाराचा काळा दगड. त्यावर रेघ ओढली की कस कळतो, सोनं आहे तसंच राहतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:७) सोन्याची पारख करणारा अग्नी आहे, आणि तिथे बोलणं विश्वासापायी छळ सोसणाऱ्यांशी चाललं आहे. कर्करोग झालेल्या बाईला ते जसंच्या तसं लावणं मला पटत नाही.

प्रतिसाद : तसंच आजाराला ‘आपापला वधस्तंभ’ म्हणणंही टाळा. मार्क ८:३४ मध्ये तो स्वतःहून उचलायचा आहे. आजार कोण उचलतो? आजाऱ्यासाठी, पौल ज्याला आपल्या शरीरातला ‘काटा’ म्हणतो तो जवळचा (२ करिंथ १२:७-९). तो काढून टाक म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर आलं. बरं होऊ दे अशी प्रार्थना करणं म्हणजे विश्वास कमी, असं कुणाला वाटत असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

प्रश्नकर्ता : सुरुवात अशी केली आहे : ‘सोंग न घेता देवाजवळ रडणाऱ्याचाही विश्वास खरा असतो. आणि तुमचे हात भरून आले, तर धरायला आम्ही आहोत.’ चालेल?

प्रतिसाद : ‘रडणाऱ्याचाही’मधला ‘ही’ काढा. त्याने रडणारा दुय्यम ठरतो. आणि दुसरं वाक्य बोलणार असाल तर कोण, कोणत्या दिवशी, कुणाकडे जाणार ते आधी ठरवून घ्या.