स्पॅनिश आज्ञार्थ: ‘अपागे’मध्ये यू कुठून आला?

माडाखाली: तारकर्लीच्या होमस्टेत खोल्यांमध्ये लावायला स्पॅनिश सूचना लिहितेय. ‘पंखा बंद करा’साठी अपागार घेतलं. उस्तेदचं, म्हणजे आदरार्थी रूप अपागे. पण रोमनमध्ये जी आणि ई यांच्यामध्ये यू दिसतो. ‘तू’च्या अपागा या रूपात तो नाही. प्रत्येक क्रियापद पाठच करायचं का?

खाडीपलीकडे: नाही. रूप आधी देवनागरीत लिहा: अपागार, अपागा, अपागे. ‘ग’ कुठे हलला का? बदलतं ते फक्त रोमन स्पेलिंग. तिथे जीपुढे ई आला की ‘ग’चा घशातला ‘ख’ होतो. नुसता ई लावलात तर पाहुणे ‘अपाखे’ वाचतील. मधला यू मुका, ‘ग’ राखायला बसवलेला.

बुस्कार (शोधणे) तसंच. सीपुढे ई आला तर ‘क’ जातो, म्हणून बुस्के लिहिताना सी काढून क्यू-यू. रेकोखेर (उचलणे, गोळा करणे) मात्र उलटं: रेकोखा करताना पुढे आ येतो, तिथे जी ‘ग’ होऊन बसेल, म्हणून जीच्या जागी जे. ‘सरळ जा’साठी सेगीर घेतलंत तर सीगा: सेगीरमध्ये मुका यू आहे, पण ‘आ’पुढे त्याची गरजच नाही, तो गळतो. एम्पेसार (सुरू करणे) → एम्पिएसे यात झेडचा सी होतो, कारण ईपुढे झेड लिहायची रीत नाही.

‘तू’च्या होकारार्थी रूपात ही भानगड नाही. अपागा, बुस्का, रेकोखे: शेवटचा स्वर मूळ क्रियापदाच्याच जातीचा राहतो.

आंब्याची_पेटी: भर घालतो. ओला टॉवेल टांगायला कोल्गार, त्याचं कुएल्गे. यू तर हवाच, शिवाय ओचा उए होतो. बहुतेक जण दोनांपैकी एकच बदल करतात.

आपलं ‘तुम्ही’ एकालाही चालतं आणि दहांनाही. तिथे एकाला अपागे, अनेकांना अपागेन. भिंतीवरच्या पाटीला एकवचन पुरे. ‘तो बंद करा’ म्हणायचं तर अपागेलो, आणि रोमनमध्ये ‘पा’मधल्या एवर तिरकी रेघ द्या. ती बरेचदा राहून जाते.

माडाखाली: मग घाटासाठी ‘सावकाश चालवा’? कोन्दुसीरचं कोन्दुसा?

खाडीपलीकडे: कोन्दुस्का देस्पासियो. इथे देवनागरीतही ‘क’ नवा घुसतो, म्हणजे उच्चारच बदलला. त्रादुसीर, कोनोसेर याच गोतावळ्यातली. ही मात्र पाठच करा.