प्रतिसाद: धूसर चित्र आणि ट्यूब बेस

जुन्या टीव्हीचं चित्र धूसर म्हणजे त्याची पिक्चर ट्यूब (पडद्याची काचेची नळी) गेली, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय; हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत बऱ्याचदा आधी खराब होतो तो ट्यूबच्या मानेवरचा बेस, म्हणजे ट्यूबच्या पिना ज्यात बसतात तो सॉकेट. फोकसच्या पिनेपाशी हिरवट गंज धरतो, व्होल्टेज गळतं, आणि पावसाळाभर बंद राहिलेला सेट लावला की मॅचच्या स्कोअरचे आकडे पसरट दिसतात. दहा-पंधरा मिनिटांत ओल सुकली की आपोआप रेखीव होतात. दमलेल्या ट्यूबचं चित्र मुळात अंधारं असतं, पांढऱ्यावर चंदेरी झाक येते. म्हणून जुना सेट विकत घेताना तो थंड असतानाच लावून बघा.

बेस तशाच पिनांचा नवा घालून मग एलओटीवरचा (ट्यूबला जास्त व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फोकसचा नॉब फिरवायचा. शेजारच्या ‘स्क्रीन’ नावाच्या नॉबला हात नको, वाढला तर तिरप्या रेषा उमटतात. हे मेकॅनिककडूनच करून घ्या: २१ इंची ट्यूबवर २० हजारांहून जास्त व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही उरतात.