अनुभव धागा : जोडीदाराचं पोटाचं दुखणं आणि आपण

खापरपोळी (धुळे)
काल धुळे स्टँडवर चाळीसगावच्या गाडीत बसले होते. गाडी सुटायला आली आणि पुढं बसलेली एक बाई कंडक्टरला म्हणायला लागली, दोन मिनिटं थांबा हो भाऊ, आमचे हे तिकडे गेलेत, येतीलच. मागून कोणीतरी बोललं, "लोकं घरून जाऊन का नाही येत?" बाईनं मान खाली घातली. माझ्या पोटात कालवलं एकदम, कारण २०१४ साली ह्याच रस्त्याला ती बाई मी होते.

आमच्या ह्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त आणि आव पडते, आणि लागली की लागली, हातात दोन मिनिटंही नसतात. पहिलं वर्ष तर मूळव्याध समजूनच गेलं. मग तपासणीला तेव्हाच्या औरंगाबादला निघालो. डिसेंबर होता. कन्नडच्या घाटात ट्रक बंद पडलेला, पुढं मागं गाड्याच गाड्या. ह्यांनी फक्त माझा हात दाबला. उतरलो. एकीकडं डोंगर, एकीकडं दरी, आडोसा कुठंच नाही. मी अंगावरची शाल दोन्ही हातांनी ताणून उभी राहिले, पाठ त्यांच्याकडं आणि तोंड रस्त्याकडं, म्हणजे बघणाऱ्यानं मला बघावं. वारा इतका की शालीचं खालचं टोक मी चपलेखाली दाबून धरलं.

परत गाडीत बसल्यावर औरंगाबाद येईपर्यंत ते बोलले नाहीत आणि मीही नाही. मला वाटलं काही बोलले तर त्यांना अजून लाज वाटेल. चार पाच वर्षांनी एकदा म्हणाले, त्या दिवशी तू गप्प बसलीस ना, मला वाटलं तुला माझी किळस आली.

ते अजून मनातून जात नाही. औषधाचं डॉक्टर सांगतात, हे कोण सांगणार. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे, नवऱ्याला असो की बायकोला, त्यांनी लिहा.

माय_वो
शालीचं टोक चपलेखाली. माय वो. डोळ्यात पाणी आलं. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

यार्डाजवळ (भुसावळ)
आमचे लोको पायलट होते. बहुतेक इंजिनात संडास नसतो, हे बाहेरच्यांना माहितीच नसतं. ड्युटीच्या आदल्या संध्याकाळपासून जेवण बंद, पाणी पण घोट घोट. मी डबा भरून द्यायची आणि डबा तसाच परत यायचा. मला वाटायचं माझ्या हातचं आवडत नाही, दोन महिने मी त्यावरून भांडले हो त्यांच्याशी! मग एकदा चड्डी धुताना रक्त दिसलं. पुढं डीकॅट होऊन, म्हणजे तब्येतीमुळं इंजिनावरून काढून, ऑफिसात आले. पोट सावरलं पण इंजिन सुटलं त्याचं दुःख वेगळंच. अजून रात्री हॉर्न वाजला की कोणतं इंजिन ते सांगतात. मी ऐकून घेते, झोपा आता असं म्हणत नाही.

प्रवासाचं सांगते, रेल्वेनं जाणार असाल तर डब्याच्या पहिल्या किंवा शेवटच्या कप्प्यातली सीट बघा, दाराजवळची. आणि कोलोनोस्कोपीचं, म्हणजे आतड्याच्या दुर्बीण तपासणीआधी पोट साफ करायचं, पाणी घरी पिऊन निघू नका. आदल्या दिवशीच नाशिकला नाहीतर जिथं असेल तिथं जा, संडास खोलीतच असेल अशी लॉज घ्या, तिथं प्या. दोनशे रुपये जास्त जातात, जाऊ द्या.

तापीकाठचा (चोपडा)
बायकोला क्रोन्स, हे पण आतड्याच्या सुजेचंच दुखणं. तिला आधी आतड्याचा टीबी सांगितला होता. डॉक्टरांची चूक म्हणत नाही, आपल्याकडं ही दोन्ही दुखणी दुर्बिणीत सारखीच दिसू शकतात, म्हणून टीबीच्या गोळ्या देऊन बघतात. पण गावात टीबी शब्द पसरला ना. पाण्याचा ग्लास वेगळा, शेजारच्या पोरांना आमच्याकडं पाठवणं बंद, तिची स्वतःची मावशी उंबऱ्यातून बोलून गेली. नंतर क्रोन्स निघाला तर तो काय कोणाला समजावणार. शेवटी मी लग्नात, टपरीवर, जिथं बसेन तिथं स्वतःहून सांगायला लागलो, आतड्याला सूज आहे, आयुष्यभराची आहे, लागत नाही कोणाला. तिला बोलावं लागू नये एवढंच. आता ती अझाथायोप्रिनच्या गोळ्यांवर आहे, ठरल्या वेळी रक्त तपासायला लागतं, ती तारीख माझ्या मोबाईलमधे. रात्री पोट दुखायला लागलं की तिला कोणी हात लावलेला चालत नाही. मी नुसता शेजारी जागा बसतो. आधी शंभर वेळा विचारायचो, पाणी देऊ का, शेकू का, डॉक्टरला फोन करू का. ती म्हणाली तुमच्या प्रश्नांनीच दमते मी.

शेवभाजी_प्रेमी
आमच्या मिसेसला पण आयबीएस आहे त्यामुळे समजू शकतो. बेलाचा मुरंबा आणि कुटजारिष्ट चालू करा, तीन महिन्यात गोळ्या सुटतात.

खापरपोळी (धुळे)
भाऊ तुम्ही चांगल्या मनानं सांगताय, पण आयबीएस वेगळं, त्यात नुसतं आतड्याचं काम बिघडतं. त्यातही त्रास असतोच, पण आतड्याला जखमा होत नाहीत, रक्त पडत नाही. ह्यांचं आयबीडी आहे, म्हणजे आतड्याला सूज, कोलायटिस आणि क्रोन्स दोन्ही त्यातच आले. आणि गोळ्या सुटण्याचं म्हणाल तर आम्ही ते करून बसलोय. २०१६ च्या दिवाळीत बरं वाटतंय म्हणून ह्यांनी मनानंच मेसालामाईन, म्हणजे सुजेची रोजची गोळी, बंद केली, मला सांगितलं पण नाही. संक्रांतीला दवाखान्यात, रक्ताच्या दोन बाटल्या आणि वर स्टेरॉईड. स्टेरॉईड तर एकदम सोडायचंच नसतं, डॉक्टर हळूहळू उतरवतात. मुरंबा खावा, पण गोळी बंद करून नाही. अजून एक, डोकं दुखलं, गुडघा दुखला म्हणून मेडिकलवरून कॉम्बिफ्लाम, डायक्लो आणून देऊ नका, त्यानं दुखणं उसळू शकतं. आधी विचारा.

शेवभाजी_प्रेमी
बरं झालं सांगितलं ताई. मिसेसला पण मधे मधे रक्त दिसतं, आम्ही उष्णता समजत होतो.

यार्डाजवळ (भुसावळ)
दादा उद्याच दाखवा. मूळव्याध निघाली तर निघू द्या, पण दाखवा.

कानबाईची_सून (अमळनेर)
माझं सगळं आयुष्य जेवणाच्या ताटावर भांडण्यात गेलं. सासूबाई गेल्या आता, पण तेव्हा रोज, "मना आंडोरले काय व्हयनं व माय, खातच नही." (माझ्या पोराला काय झालं ग बाई, खातच नाही.) मग जबरदस्तीनं वाढायच्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस पुरणपोळी, कानबाईच्या सणाला रोट, आणि भरीत तर काय विचारू नका. दुखणं उसळलेलं असताना मी मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण करायची तर म्हणायच्या माझ्या पोराला आजाऱ्याचं जेवण घालते. एकदा मी त्यांना दवाखान्यात सोबत नेलं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर आतड्याचा फोटो दाखवला, लाल, सोललेला. घरी येऊन त्यांनी स्वतः खलबत्त्यातली मिरची काढून टाकली, काही बोलल्या नाहीत.

बामणोदवाला
भरताचा विषय निघालाच आहे तर, भरीत पोटाला वाईट नसतं, त्यात घातलेली हिरवी मिरची आणि वरून तेल वाईट.

माय_वो
बियांचं काय पण? आमच्याकडं ह्यांना बियांनी त्रास होतो. आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी कोणाला चालते का?

कानबाईची_सून (अमळनेर)
ज्याचं त्याचं वेगळं ग. आमच्यांना कळणा चालायचा, दूध नाही चालायचं. वही करून ठेव, काय खाल्लं काय झालं. पोट शांत असताना सगळं थोडं थोडं खाऊ दे, उगाच सगळं बंद करून माणूस वाळतो.

केळीचं_पान (रावेर)
मी मोठं लिहू शकत नाही, मळ्यात आहे. माझ्या मालकांचं मोठं आतडं काढलं, पोटावर पिशवी आहे, इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलंय आणि शौच पिशवीत जमा होते. मे महिन्यात आमच्याकडं पंचेचाळीसच्या वर जातं, घामानं पिशवीचा चिकट भाग सुटतो. मी दुपारी बाराला घरी येते, पिशवी बदलते, चामडी ओल्या मऊ कापडानं टिपून पूर्ण कोरडी झाल्यावरच नवीन लावते. नुसतं पाणी पाजून भागत नाही, मीठ पण जातं अंगातून, ओआरएसचं पाणी तयार ठेवते, डॉक्टरांनी माप सांगितलंय. पहिल्यांदा पिशवी बघितली तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. त्यांना कळलं नाही असं मला वाटत होतं. आता सहा वर्षं झाली. केळीची कापणी ते उभं राहून करून घेतात, घड उचलत नाहीत.

नवीन_आहे_इथे
सगळं वाचलं. माझं लग्न ठरलंय, मुलानं पहिल्याच भेटीत सांगितलं की त्याला कोलायटिस आहे. घरच्यांना अजून माहीत नाही. मुलांना होतं का हे?

तापीकाठचा (चोपडा)
आईबापाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक मुलांना होत नाही. आम्हाला मुलगी आहे, सात वर्षांची, ठणठणीत. दुखणं शांत असताना डॉक्टरांना विचारून मगच ठरवलं होतं आम्ही. पहिल्याच भेटीत सांगितलं म्हणतेस तर पोरगा चांगला आहे. त्याला विचार की रात्री त्रास झाला तर तुला उठवायचं का नाही. आम्हाला हे ठरवायला तीन वर्षं लागली.

नवीन_आहे_इथे
विचारते आजच. थँक्यू दादा.

बामणोदवाला
ती बाई राहिलीच की. धुळ्याच्या स्टँडवरची. गाडी थांबली का?

खापरपोळी (धुळे)
थांबली. कंडक्टरच म्हणाला बसा ताई, त्यांना सोडून जात नाही. ते गृहस्थ आले, कपाळावर घाम, कोणाकडं न बघता बसले. मी उठून त्यांच्या मागच्या सीटवर गेले आणि त्या बाईला म्हटलं, आमच्या घरी पण आहे हे. ती म्हणाली काय? मी म्हटलं पोटाचं. मग शिरूड चौफुलीपर्यंत आम्ही दोघी बोलतच होतो, ते खिडकीतून बाहेर बघत होते पण ऐकत होते सगळं. उतरताना मला म्हणाले, वहिनी, तुमचे मिस्टर आता कसे आहेत?

माय_वो
ए ताई नंबर घेतलास ना तिचा?