येऊरच्या कोळ्याच्या जाळ्यातले हे बारके जीव कोण? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ठाण्यात राहते. पाऊस ओसरला की रविवारी सकाळी सोसायटीतली पोरंटोरं घेऊन गेटवर पावती फाडायची आणि येऊरच्या जंगलात चक्कर मारायची, असं चालू आहे. मी जाणकार वगैरे नाही. फुलपाखरांत ब्ल्यू मॉरमॉन तेवढं ओळखते, तेही राज्य फुलपाखरू म्हणून.

या खेपेला पायवाटेच्या वर आडवं जाळं होतं, हातभर रुंद. त्यात पायांसकट तळहाताएवढा काळा कोळी, पोटावर पिवळ्या रेघा, पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके. ऊन आलं की धागे चक्क सोनेरी दिसत होते. त्याच्या पलीकडच्या बाजूला दोन-तीन तांबूस, चिमुकले कोळी बसले होते. जाळ्याच्या कडेला चांदीच्या मण्यांसारखं काहीतरी लटकत होतं, आधी वाटलं दव आहे, पण ते हललं!

तांबूस ती पिल्लं का? आणि चंदेरी काय होतं? आमच्यातले एक काका ठामपणे म्हणाले, सिग्नेचर स्पायडर. दुसऱ्या एकाने काठीने जाळं पाडायला घेतलं होतं, त्याला कसंबसं थांबवलं.

अजून एक. दोन दिवसांनी एका मुलाच्या मानेवर लाल पट्टा उठला, त्यावर बारीक फोड. त्याची आजी म्हणते, अंगावरून कोळी फिरला. असं होतं का? आता पालक पोरांना पाठवायला कां कू करताहेत.

रानवाट
ताई, हा जायंट वूड स्पायडर, नेफिला पिलिपेस. काकांना सांगा, सिग्नेचर स्पायडर जाळ्यावर पांढऱ्या नागमोडी धाग्याची फुली काढतो आणि पाय जोडी-जोडीने धरून बसतो. तुम्ही पाहिली ती मादी, शरीर ३ ते ५ सेंमी. ते तांबूस जीव पिल्लं नाहीत, नर आहेत! जेमतेम ५-६ मिमी. एकाच जाळ्यात दोन-चार नर ताटकळलेले असतात. मादी भुकेली असताना जवळ गेलं तर नवरदेवाचाच फराळ व्हायचा, म्हणून सगळे दबकून.

चंदेरी ते बहुधा अर्जिरोडिस, हेही कोळीच. स्वतःचं जाळं विणायचे कष्ट नकोत, मादीने दुर्लक्ष केलेली बारीक चिलटं गुपचूप उचलायची. फुकटे भाडेकरू.

जाळं पाडू देऊ नका. बरेच कोळी रोज नवं जाळं विणतात, ही बाई मात्र जुन्याचीच डागडुजी करते. वाकून गेलं की झालं.

टेकडीवाला
आजींचा समज घरोघरी आहे, पण बहुतेक वेळा कोळी बिचारा निर्दोष. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट किडा पाहिलाय? पेडेरस. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्या रक्तातलं पेडेरिन कातडी भाजतं, आणि फोड येतात एक-दोन दिवसांनी. म्हणून संशय भलत्यावरच. अंगावर बसला तर फुंकून उडवा, चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा, तो हात डोळ्यांना लावू नका. त्या मुलाला तेच झालंय असं इथून सांगता येणार नाही, डॉक्टरांना दाखवाच.

फोटोसाठी: मोबाईलचा फोकस मागच्या झाडीवर जातो. कुणाला तरी जाळ्यामागे, धागे न तोडता, गडद छत्री धरून उभं करा. एक फोटो पोटाच्या बाजूनेही घ्या, ओळख पटवायला लागतो.

धागाकर्ती
दोघांचे आभार. डॉक्टरांनीही किडाच सांगितला. त्याच्या घरी विचारलं, तर पोरगं रात्री ट्यूबलाइटखाली अभ्यासाला बसतं, खिडकी सताड उघडी. जाळी बसवायला सांगितलंय. येऊर आरोपातून सुटलं एकदाचं! काकांना अजून पटलेलं नाही, रविवारी फुली दाखवा म्हणणार आहे. त्या चंदेरी मंडळींना चोरी करताना बघायचं तर सकाळी लवकर जावं की उन्हं वर आल्यावर? आणि मुलांना भिंगातून दाखवताना किती अंतर ठेवू?