‘औपचारिक बाग’ खटकते. दुसरा शब्द आहे का?

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन उत्तर इटलीतल्या माज्जोरे सरोवरातलं इझोला बेल्ला हे बेट पाहिलं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी त्यावर लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे.

मूळचं हे खडकाळ बेट. बोरोमेओ घराण्यातल्या तिसऱ्या कार्लोने 1632 मध्ये इथे प्रासादाचं काम सुरू केलं आणि पत्नी इझाबेलाचं नाव बेटाला दिलं. बोलताना झिजून त्याचं ‘इझोला बेल्ला’, म्हणजे ‘सुंदर बेट’ झालं. पुढे सहाव्या वितालियानोने काम नेटाने रेटलं आणि 1671 मध्ये बागेचं उद्घाटन झालं. एकावर एक दहा टप्पे, कडेने पुतळे, सगळ्यांत वर बोरोमेओंच्या कुलचिन्हातला एकशिंगी घोडा, खाली हिरवळीवर पांढरे मोर.

अशा बागेला इंग्रजीत ‘फॉर्मल गार्डन’ म्हणतात. मी सरळ ‘औपचारिक बाग’ लिहिलं. आईने मसुदा वाचून विचारलं, “औपचारिक म्हणजे? इथे समारंभ व्हायचे का?” तेव्हापासून तो शब्द डोळ्यांत सलतोय.

आणखी एक. प्रासादाच्या तळमजल्यावर ओळीने सहा दालनं आहेत. भिंती आणि छत गोटे, शिंपले, अभ्रक लावून मढवलेले. उन्हाळ्यात गारव्याला बसण्यासाठी केलेली. त्यांना ‘ग्रोत्तो’ म्हणतात. ‘गुहा’ लिहिलं तर वाघाची वाटते. काय लिहू?

प्रतिसाद :
आईंचा कान बरोबर आहे. ‘औपचारिक’ हा ‘उपचार’वरून आलेला शब्द. षोडशोपचार पूजेतला उपचार. रीत म्हणून, मान म्हणून जे करायचं ते औपचारिक. इंग्रजी ‘फॉर्मल’ला रीतभातीचा अर्थ आहे, तसा आकाराचाही आहे. बागेच्या बाबतीत दुसरा घ्यायचा. आपल्या ‘औपचारिक’मध्ये आकार कुठेच नाही, म्हणून तो शब्द तिथे कधीच रुजणार नाही.

माझं मत ‘आखीव बाग’. इटालियन बागेचा जीवच आखणीत आहे. मधोमध एक मुख्य रेषा, दोन्ही अंगांना सारखे ताटवे, आणि कात्रीने छाटलेली बॉक्सवूडची कुंपणं, आपल्याकडे मेंदीचं कुंपण छाटतात तशी. मैदानावर दोरी धरून फक्की मारलेली ज्याने पाहिली आहे, त्याला ‘आखीव’ समजावून सांगावं लागत नाही. ‘आखीव-रेखीव’ ही जोडी तर घरोघरी आहे.

प्रतिसाद :
‘आखीव’ मान्य, पण ही बाग बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपच्या भपकेदार, नाट्यमय शैलीतली आहे हे विसरू नका. नुसतं ‘आखीव’ म्हटलं की सपाट, चौकटीतली बाग डोळ्यांपुढे येते. इझोला बेल्ला म्हणजे नाटकाचा रंगमंच आहे, टप्प्यांच्या त्या भागाला नावच ‘तेआत्रो’ आहे. शिवाय बेटाचा आकार वाकडा असल्यामुळे प्रासादाची रेषा आणि बागेची रेषा जुळत नाही. तो बाक प्रासाद आणि बाग यांच्यामधल्या डायानाच्या चौकात इतका बेमालूम लपवला आहे की जिना चढून वर आल्यावर आपण सरळच आलो असं वाटतं. ही आखणीतली करामत आहे, तेव्हा लेखात तिच्यावर एखादं वाक्य नक्की घाला.

‘बरोक’ मात्र तसाच ठेवा. सर्वांत प्रचलित व्युत्पत्तीप्रमाणे तो पोर्तुगीज ‘बर्रोको’, म्हणजे वेडावाकडा मोती. आम्हा गोवेकरांना ही शैली परकी नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचा संगमरवरी चौथरा आहे, तो फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडवला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो पाठवला आणि 1698 मध्ये तो इथे बसवला गेला. इटालियन बरोक पाहायला पणजीहून बसने जाता येतं.

प्रतिसाद :
ग्रोत्तोला ‘लेणं’ का नको? गुहा निसर्गाची, लेणं माणसाने केलेलं. आणि दागिन्यालाही आपण लेणंच म्हणतो. शिंपल्यांनी मढवलेल्या दालनाला याहून नेमका शब्द कुठला?

प्रतिसाद :
सुंदर सुचवलंत, पण हे दोन शब्द मुळात वेगळे आहेत. दागिना तो ‘लेणे’ या क्रियापदावरून, काजळ लेणे, शेला लेणे यांतला. डोंगरातलं ते प्राकृत ‘लेण’, नाशिकच्या शिलालेखांत हाच शब्द आहे. उच्चार मराठीत एक झाले. आणि डोंगरातलं लेणं कोरून काढलेलं असतं, हे तर विटा-चुन्यावर चिकटवलेलं. वाचक कार्ल्याला जाऊन पोचेल. ‘शिंपल्यांची दालनं’ असं साधं लिहावं.

मूळ प्रश्न विचारणारी :
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘लेणं’ सोडवत नव्हतं, पण कार्ल्याचा मुद्दा पटला. ‘शिंपल्यांची दालनं’ घेते. ‘टेरेस’साठी मी आधी ‘गच्ची’ लिहिलं होतं, ते बाबांनी खोडलं. डोंगरउताराच्या शेतात दगडी बांध घालून ताली करतात, तसं हे आहे, असं त्यांचं म्हणणं. मी ‘टप्पे’ ठेवते आणि तालींची उपमा देते.

वाक्य आता असं केलं आहे : “सरोवरातून होडी जवळ येते तशी दहा टप्प्यांची ही आखीव बाग पाण्यातून वर उठताना दिसते.” आईला वाचून दाखवलं. तिने या वेळी काही विचारलं नाही.